पाच नंबरच्या गेटचं कुलूप

४ मार्च, बुधवार
आजपासून रोजनिशी. जबाबदार माणसं लिहितात.
चौदा तारखेला फुटबॉलची मॅच, मायनर्स विरुद्ध रेल्वे. अख्खं लुआन्श्या गाव लोटणार. स्टेडियमचे मॅनेजर सिल्वाम्बासाहेब म्हणाले, "कपाम्ब्वे, गेटं तुझ्याकडे. नीट पार पडलं तर सिक्युरिटी इन-चार्जची जागा तुझी." मी मान डोलावली. मनातून मी केव्हाचाच इन-चार्ज आहे.
संकल्प: झडतीशिवाय माशीसुद्धा आत जाणार नाही. शिवाय रोज पहाटे व्यायाम.

५ मार्च
व्यायाम नाही. गुडघे. सतरा वर्षं गेटावर उभं राहिलं की कळतं.
धातू शोधायची दांडी एकच आहे आणि तिच्यात सेल नाहीत. तोवर माझा गार्ड चिशा दांडी फिरवेल आणि तोंडाने टुंई करेल. तालीम घेतली. त्याने माझ्याच पट्ट्यापाशी टुंई केलं. पोरगा प्रामाणिक आहे.

७ मार्च, शनिवार
सरावाचा सामना. पाहुणी टीम गेटातून उलटी चालत आली. उंबऱ्याखाली यजमानांनी काही पुरलं असेल तर ते लागू नये म्हणून. यात वावगं काही नाही, मीही तेच केलं असतं. पण उलट्या माणसाची झडती घेणं हे कौशल्याचं काम आहे. मी सगळ्यांच्या पाठी तपासल्या.
तेवढ्यात मागच्या पाच नंबरच्या गेटवरून फुकटे उड्या मारून आत. गेटला कुलूप होतं, पण कुलूप काय, पाय ठेवायला बरंच.
सिल्वाम्बासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "गेट सांभाळतोयस का धर्मशाळा चालवतोयस?"
मनाला लागलं.

९ मार्च
राजधानीतून, लुसाकाहून, तपासनीस बाई आल्या. म्हणाल्या, पाच नंबर हीच लोकांची बाहेर पडायची वाट आहे, मॅच संपायच्या पंधरा मिनिटं आधी ते सताड उघडं पाहिजे. नाहीतर मागचे रेटत राहतील आणि पुढचे गजांवर चिरडतील.
मी म्हणालो, "काळजी नको, किल्ली कायम माझ्या गळ्यात असते."
"गळ्यात नको. कुलपापाशी माणूस हवा."
गळ्यातली किल्ली माणसासकट असते, हे बाईंच्या लक्षात आलं नाही. वाद घातला नाही. दमलो होतो.

११ मार्च
झोप लागेना, पण कल्पना हाती लागली. लोक कुलपाला भीत नाहीत. मग कशाला भितात?
पहाटे, अजून कोणी उठायच्या आत, पाच नंबरच्या कुलपाला लाल चिंधी बांधली, वर मक्याचं पीठ भुरभुरवलं आणि खाली एक अंडं ठेवलं. बघणाऱ्याला वाटावं, मोठ्या जाणत्या मांत्रिकाने गेट बांधून टाकलंय. खर्च शून्य. असली सुरक्षा युरोपातसुद्धा नसेल.
संध्याकाळी बायकोने विचारलं, "मुसोंडाचे बाबा, डब्यातलं पीठ कुठं गेलं?"
म्हणालो, उंदीर.
"अंडंही उंदरानं नेलं? आणि माझ्या कमरेला गुंडाळायच्या जुन्या लाल चितेंगेचा काठ फाडून नेला, तोही त्यानंच?"
म्हणालो, मोठा असेल. ती हसत बसली. बायकांना सुरक्षेतलं कळत नाही.

१२ मार्च
यश! फुकटे पाच नंबरला लांबून वळसा घालतात. चिशाने तर तिकडे बघणंच सोडलंय.
एकच गोष्ट. कुलपावर एक पांढरं पीस आहे. मी पीस लावलं नव्हतं. वाऱ्याने आलं असेल.

१३ मार्च
पीस दोऱ्याने बांधलेलं आहे. वारा गाठ मारत नाही.
विचार करायचा नाही असं ठरवलं. दिवसभर तोच विचार.

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. थोडक्यात.
झडती उत्तम झाली. चिशाचा घसा बसला.
वेळ झाली तसं त्याला म्हटलं, जा, पाच नंबर उघड. तो म्हणाला, "साहेब, मला माणसं अडवायचा पगार मिळतो. त्या कुलपाला हात लावायचा नाही." बाकीचे गार्ड तर दिसेनातच. मग मी स्वतः निघालो. बाहेरच्या बाजूने. गुडघ्यांमुळे वेळ लागला.
पोचलो. पीठ माझं, चिंधी माझ्या घरची. पण पीस? योग्य पद्धत कोणती, याचा विचार करत होतो. तेवढ्यात मॅच संपल्याची शिट्टी झाली.
सगळी गर्दी एकदम गेटावर आली. पहिल्या रांगेत माझी बायको, मुसोंडाची आई. ती आत वितुंबुवा विकते, डोक्यावर घमेलं घेऊन. घमेलं पडलं, तळलेले गोळे पायांखाली. तिच्या शेजारी एक म्हातारा गजांवर दाबला गेला होता. तोंड उघडं, आवाज नाही.
ती ओरडली, "मुसोंडाचे बाबा, उघडा!"
मी म्हणालो, पीस काढायला काठी शोधतोय.
"अहो, काठी कसली! किल्ली फेका!"
फेकली. तिने गजांतून हात बाहेर काढला, चिंधी ओरबाडली, पीस उपटलं, कुलूप काढलं. लोक माझ्या अंगावरून बाहेर पडले.
दोघांना दवाखान्यात नेलं. म्हातारा बसून पाणी प्यायला. मेलं कोणी नाही.
अहवालात लिहिलं: गेट माझ्या देखरेखीखाली उघडण्यात आलं.

१७ मार्च
बायकोचे वितुंबुवा कोणी घेईना. बाजारात कुजबुज आहे, हिने त्या कुलपाला हात लावला आणि हिला काही झालं नाही, म्हणजे ही साधी बाई नव्हे. तिने नुसतं खरं सांगितलं, पीठ आमच्याच डब्यातलं, तर सगळं मिटेल. ती गप्प आहे. माझी नोकरी जाईल म्हणून.
संकल्प: उद्या मीच साहेबांना सांगणार.

१८ मार्च
साहेब कामात होते.

१९ मार्च
साहेब मोकळे होते. पण स्वतःहून म्हणाले, "कपाम्ब्वे, जागा तुझी." टोपीही दिली. अशा दिवशी विषय कसा काढणार?

२२ मार्च, रविवार
जेवायला वितुंबुवा. सकाळीही तेच. कालही.
टोपी कशी दिसते विचारलं. बरी दिसते म्हणाली. मग मीच सहज म्हणालो, ते पीस कुठून आलं कोण जाणे.
तिने मान वर केली नाही. "शेजारच्या कोंबड्याचं. मीच बांधलं. नुसत्या पिठाला कोण भिणार? म्हटलं, तुमचं काम तरी नीट होऊ दे."
मी टोपी काढून ठेवली.
मग म्हणाली, "मला वाटलं होतं, मी आत आहे हे बघून तरी उघडाल."
मी आणखी एक वितुंबुवा घेतला. गार होता. तिने पातेलं माझ्याकडे सरकवलं. अजून अर्धं भरलेलं आहे.