थोंगसुकच्या नावाची हाक

दुआंग,

गावप्रमुखाच्या पिकअपमधून तालुक्याच्या बँकेत जातेय. कोरोनाकाळात शेतकऱ्यांना जाहीर झालेली सरकारी मदत तुझ्या बाबांच्या नावावर आलीय.

रागावू नकोस. ते जाऊन तीन वर्षं झाली, तरी भातशेतीच्या नोंदणीत मी त्यांचंच नाव सांगत आले. "नवरा कुठाय?" असं विचारलं की मी म्हणायचे, "शेतात." खोटं काय त्यात? बांधावरच्या छोट्या स्तूपात त्यांच्या अस्थी आहेतच की!

आज मृत्यूचा दाखला दाखवून नोंदणी तुझ्या नावावर करून घेते. चिकट भात बांबूच्या टोपलीत आहे. गार व्हायच्या आत जेव.

नाव पुकारलं की तुझे बाबा आधी मागे वळून बघायचे, जणू दुसऱ्याच कुणाला बोलावलंय. आज बँकेच्या खिडकीतून त्यांचं नाव शेवटचं "थोंगसुक!" पुकारतील. तेव्हा मीही आधी मागे वळून बघणार आहे.

आई