अडीच घरांचा राजा

१२ जानेवारी १९८६, रविवार

सगळ्यात आधी शेजारची केसरबाईच टपकली! चुलीवर दूध होतं अजून. आल्या आल्या म्हणते, "काय वो, तुमची छाया हरली म्हणे छिंदवाड्याले!" जशी लाडूच वाटून राहिली. तिच्या मागून माही लेक प्रमिला अन् नात छाया — सौंसरच्या सकाळच्या मोटारीनं, संक्रांतीसाठी. मले तर पाय जमिनीवर ठेवू का नको झालं! पण पोरगी पाया पडली अन् भिंतीकडं तोंड करून बसली.

बुद्धिबळात शाळेतून पहिली आली होती. छिंदवाड्याले जिल्ह्याचे सामने जिंकली असती तर पुढं जबलपूर! खेळ तिले म्याच शिकवला. मले सासऱ्यांनी — कापसाच्या ढिगाशेजारी पट अंथरायचे, चहा घेऊन गेली की म्हणायचे, "बस, पाह्य."

"हरली कशी?" म्हटलं.

प्रमिला म्हणे, "राजाले अडीच घरं कुदवलं तिनं."

"मग? बरोबर तं आहे!" शह लागला नसला तर राजा एकदा घोड्यासारखा कुदते. सासरे असेच खेळायचे.

"तिथी नाही चालत, माय. पंच म्हणे, राजाले हात लागला, आता राजाच चालव, पण एकच घर. चालली एक घर — अन् मात!"



१३ जानेवारी

तीळ करपले.

१४ जानेवारी, संक्रांत

तिच्या हातावर तिळगूळ ठेवला अन् गोड बोल म्हटलं. म्या! कोणत्या तोंडानं?

लिहूनच टाकते. मले माहीत होतं. दसऱ्याले देवीदास मास्तर सोनं द्यायले आले, तेव्हा म्या अन् छाया खेळून राहिलो होतो. पोरगी पाणी आणायले आत गेली तशी मास्तर म्हणे, "आजी, राजा असा अडीच घरं आता कुठीच कुदत नाही. खेळ आपलाच, पण इथून इराणात गेला, तिथून विलायतेत, अन् बदलून वापस आला. प्यादं पह्यल्या चालीत दोन घरं जाते. आपला वजीर पूर्वी एक घर तिरपा सरकायचा. तिकडं गेला, त्याची राणी झाली, अन् लागली पटभर धावायले!" म्या लय हसली. सासरी जाऊन एखादीचे पाय असे मोकळे झालेले पाह्यले नाही बापा!

दोन दिवसांनी मास्तरनं हिंदीत छापलेले नियम आणून दिले. दोन पानं. "छायाले द्या," म्हणे. म्या पिठाच्या डब्याखाली सारले.

काहून? नवं शिकली असती तर मास्तरकडं गेली असती. दुसरी शिकलेल्या बाईले कोण विचारते! "आजी, आता काय चालू?" — ते ऐकायची चटक लागली होती मले.

१५ जानेवारी

छाया म्हणते, "मले डोकंच नाही, आजी. पट संदुकीत टाक. आता कधीच हात नाही लावत."

टाकला संदुकीत. डोकं हिचं नाही, माहं फिरलं होतं — पण झाकण लावलं अन् चुलीकडं निघून गेली. भेकड!

१६ जानेवारी

सांगतलं. वाटाणे सोलता सोलता. कागद तिच्या मांडीवर ठेवला, पिठानं पांढरा झालेला. तिनं दोन्ही पानं वाचली.

"दसऱ्यापासून?"

"हो."

"मी सगळ्यांसमोर रडली, आजी."

एवढंच. प्रमिला म्हणे, "माय, तू बी ना!" भाजी कोणीच खाल्ली नाही. केसरबाई डोकावली, तिले हाकललं.

१७ जानेवारी, शुक्रवार

गेल्या. मोटारीत चढताना पोरगी पाया पडली अन् मागं न पाहता खिडकीशी जाऊन बसली.

घरी येऊन पाह्यते तर पट संदुकीबाहेर! सगळी मोहरी मांडलेली. लाल राजा तेवढा नाही — माहा राजा, मी लालच घेते. त्याच्या घरात मास्तरचा कागद, घडी घातलेला. वर पेन्सिलनं, मले वाचता यावं म्हणून ही एवढी मोठी अक्षरं — "राजा माह्याजवळ. दोन्ही पानं पाठ कर, मग देईन. परीक्षा घेणार!"

पुढच्या शनिवारी, २५ तारखेले, जामसांवलीच्या मारोतीचं दर्शन करून दोघी इकडं येतो, प्रमिला म्हणे. पह्यला नियम अर्धा झाला वाचून.