टोमॅटोने चुगली केली

बोरीवली, ८ डिसेंबर १९८६

प्रिय सुगंधा,

मी मजेत आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

तू दिलेल्या टोमॅटोच्या दोन रोपांपैकी एकाची पानं पिवळी पडून आकसली. फुलं गळू नयेत म्हणून हार्मोन फवारलं. फुलं टिकली, पण पानं सुधारेनात. शेजारचे कुंडलिकराव कृषी खात्यातले. म्हणाले, "व्हायरस आहे, औषध नाही. उपटून टाका." मग माझा तळवा बघून म्हणाले, "तंबाखू मळता ना? तिच्यातूनच आला असेल."

गणपतीत तुला शब्द देऊनही मी सोडली नव्हती गं. रागावू नकोस.

पुडी फेकली. आता साबणाने हात धुऊनच दुसऱ्या रोपाला हात लावतो. त्याला फळं धरलीत, तू येईस्तोवर पिकतील. आलीस की आधी माझे हात हुंगून बघ.

तुझ्याच धाकातला,
जयवंत