तमाएमावशीच्या तबकडीचं साल

ओनोमिची, ऑक्टोबर १९८८

तीर्थरूप एइसाकुमामांना,

शिगेहिकोचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? हाकोदातेला थंडी पडली असेल, पाय शेकत चला. इथे पर्सिमनची फळं पिकली आहेत आणि तमाएमावशी (म्हणजे तुमची ताई) मला कच्चा खायला टपली आहे.

टोफूवाल्या कुरामोचींशी जुळलेलं तिचं लग्न माझ्या जिभेने मोडत आणलं! लाखेची जुनी रेकॉर्ड दिसली की लेबल पाहून साल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही (बायको म्हणते, "आपल्या लग्नाचं साल तेवढं आठवत नाही मेल्याला"). परवा गल्लीच्या मंडळात मावशीने तरुणपणी गायलेली रेकॉर्ड आणली आणि लाजत म्हणाली, "युद्ध संपल्यावरची आहे हो. विशीची होते मी." मी चष्मा चढवला आणि बोलून गेलो, "छे गं मावशी! नाव उजवीकडून डावीकडे छापलंय, म्हणजे युद्धाआधीची. त्यात हे निळं लेबल, एकोणीसशे तेहेतीस सालाच्या पुढे जातच नाही!" सगळी मंडळी बोटांवर हिशेब करू लागली. याच मंडळींनी गेल्या वर्षी वर्गणी काढून मावशीला साठी भरल्यावर घालतात ती लाल बंडी शिवली होती (तिची दुसरी, पहिली जुन्या गावी घालून झाली, हे तुम्ही जाणताच). मावशी रेकॉर्ड काखोटीला मारून गेली ती घराचं दार लावूनच बसली. म्हणे, आता कुरामोचींना तोंड दाखवणार नाही. मामा, फार वाईट वाटलं हो. जन्मभर एकटी राहिलेली बाई, आत्ता कुठे गुणगुणायला लागली होती.

सकाळी कुरामोची टोफू घेऊन माझ्याच दारात! म्हणाले, "अहो शहाणे, युद्धावर जायच्या आधीपासून तीच रेकॉर्ड माझ्याकडेही आहे. बाईंचं वय मला कळत नाही होय? पण मला कळतं हे त्यांना कळता कामा नये. निस्तरा आता!"

मग मी मंडळात ठोकून दिलं, की युद्धानंतर कागद मिळेना, म्हणून कारखान्याने उरलेली जुनी लेबलं चिकटवली. शुद्ध थाप! मावशीने दार उघडलं.

तुमचा,
शिगेहिको

ता. क. लग्न पुढच्या महिन्यात. तुम्ही यायचंच. फक्त तिला 'ताई' म्हणू नका. तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय. ती तुम्हाला 'दादा' म्हणेल, तेव्हा दचकू नका.

ता. क. २. केस काळे करून येऊ नका. काठी लागत नसेल, तर कुणाची तरी मागून आणा.