प्रयोगाची पेज

सर, तुम्हाला एक सांगायचं राहिलं ते राहिलंच. देवरीच्या विज्ञान प्रदर्शनात आपला प्रयोग फसला आणि तुम्ही ग्रामपंचायतीच्या शिपायाला झाप झाप झापलंत, विहिरीत टाकायची क्लोरीनची टीसीएल पावडर शिळी दिली म्हणून. पावडर चांगली होती, सर. स्टार्चसाठी आईने दिलेली भाताची पेज मी चिचगडहून येताना एसटीतच पिऊन टाकली आणि बाटलीत बोरिंगचं पाणी भरलं. भूक लागली होती, दुसरं काय!

अजून सगळं दिसतं. मी पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात बाटलीतली 'पेज' ओतते, वर टीसीएलचं पाणी थेंब थेंब सोडते. सुटलेल्या आयोडीनने पेजेतला स्टार्च निळा व्हायला हवा, येतो पिवळट रंग. गोंदियाचे परीक्षक चष्म्यावरून बघतात, "मास्तर, नीला कहाँ है?" तुम्ही मात्र ढिम्म. "निळा कायले पायजे, साहेब? पिवळा दिसून राहिला तोच आयोडीन होय. आवर्त सारणीतल्या वरच्या क्लोरीननं खालच्याले हाकललं. ह्या गटात खाली जाल तसा अणू मोठा होते, बाहेरचा इलेक्ट्रॉन ओढाचा जोर कमी पडते. सोडियम-पोटॅशियमचा कारभार उलटा, तिथं खालचाच दांडगा." मग आयोडीन मिठाच्या पाण्यात टाकून दाखवलंत. काहीच झालं नाही, खालच्याला वरचा हलवता आला नाही, आणि तुम्ही खुशीत टाळी वाजवलीत. बक्षीस गेलं, पण परीक्षकांनी चहा पाजला.

रंग निळ्यापर्यंत गेला नाही तो शिळ्या पावडरीमुळेच, असं मात्र तुम्ही धरून बसलात. दुसऱ्या दिवशी तो शिपाई शपथा घेत होता, "पावडर ताजी होय जी!" मी तुमच्या मागे उभी राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. मला शिपायाची नाही, तुमची भीती होती. वर्गात तुमचा भरवसा होता तो माझ्यावर, आणि तो मला हवा होता. त्यानंतर तुम्ही आणि तो शिपाई कित्येक महिने एकमेकांशी बोलला नाहीत.

आता मी आपल्याच शाळेत दहावीला शिकवते. आज हाच प्रयोग घेतला. सुंदर निळा रंग आला आणि बघता बघता उडाला. काय चुकलं ते मी शोधणार, तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "म्याडम, मीच टीसीएल जास्त ओतली. पाहाले मजा येऊन राहिली होती." वर्ग खो खो हसला. मी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि तुमची इतकी आठवण आली की घरी येऊन तडक लिहायला बसले. हे पाठवायला पत्ता नाही, ते एका परीने बरंच आहे.

कारण शाबासकी घेऊन बसता बसता तिने विचारलं होतं, "म्याडम, तुमचा प्रयोग कधी फसला का?"

मी म्हणाले, "छे, कधीच नाही."