गीलाकाकूंना सांगायला जातोय

अस्नात,

मी गीलाकाकूंकडे जातोय. जेवायला थांबू नकोस. कुब्यांचं, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांचं, सूप गॅसवर आहे, आईला आधी वाढ.

मंगळवारी रॉकेटनं डोंगर पेटला तेव्हा एझराकाका तळघरातल्या निवाऱ्यात दार घट्ट लावून बसले आणि तिथेच गेले. सगळे हार्ट अटॅक म्हणतात. आज मी तिथलं हवा गाळायचं यंत्र उघडून पाहिलं. बाहेरून हवा आणणाऱ्या पाइपाला प्लास्टिकचं बूच तसंच होतं. यंत्र मीच बसवलं होतं, बूच काढायचं माझ्याकडून राहिलं. पंखा नुसताच फिरत राहिला असणार, आत हवा आलीच नसणार.

तुझ्या भावाला, रफीला फोन केला. तो म्हणाला, "गेलेला माणूस परत येणार आहे का? निदान सुतकाचे सात दिवस तरी जाऊ दे." पण काकूंना वाटतंय, आपण बहिणीकडे गेलो, गोळी द्यायला घरी नव्हतो, म्हणून ते गेले. आल्यागेल्याला तेच सांगतायत.

मी यंत्र बसवलेल्या बाकी घरांची यादी टेबलावर आहे. प्रत्येकाला फोन करून पाइपाचं बूच आत्ताच बघायला सांग.

तू घरी असतीस तर मला अडवलं असतंस, आणि मी थांबलोही असतो.

नहूम