सूतिका म्हणजे बाळंतरोग

४ नोव्हेंबर १९५३, कलकत्ता
आज पहिल्यांदा टेबल सोडून बाहेर. साहेबांचं म्हणणं, मृत्यूच्या नोंदींत जिकडेतिकडे नुसतं 'ताप' लिहिलेलं. देश कशानं मरतो ते अशानं कधी कळायचं नाही. म्हणून घरोघर जाऊन विचारायचं. माणूस किती आजारी होता, खोकला होता का, पोट बिघडलं होतं का. जोडीला कचेरीतले निर्मलबाबू, कारण माझं बंगाली ट्रामच्या तिकिटापलीकडे जात नाही.
सियालदहमागची गल्ली. एका घरी पटकी. सकाळी धडधाकट, संध्याकाळी संपला. दुसऱ्या घरी एक म्हातारे, नुसते म्हातारे झाले म्हणून गेले. तिथं बरं वाटलं. लोक हाकलून देतील अशी भीती होती, पण उलट बसवून घेतात. त्यांना आजवर कोणी विचारलेलंच नसतं.
मेसमध्ये पुन्हा मासे. वरण-भात खाल्ला. कोळशाच्या धुरानं डोळे चुरचुरतात.

८ नोव्हें., रविवार
भाऊबीज. अक्का नागपुरात, मी इथं. मेसच्या मॅनेजरची बहीण आली होती. ती जमलेल्यांच्या कपाळाला चंदन लावत होती. मलाही बोलावलं. डोकं दुखतं म्हणून खोलीतच बसलो. दिवसभरात मराठी शब्द एकही नाही. अक्काकडे असलेल्या कुमुदला पत्र लिहिलं. आपल्याच आठ वर्षांच्या मुलीला काय लिहावं ते सुचत नाही. ट्रामचं चित्र काढलं.

१२ नोव्हें.
त्याच गल्लीत एक आजीबाई. सून गेली. नि. बाबू विचारतात, मी लिहून घेतो. म्हणाल्या, सूतिका. म्हणजे काय, मी नि. बाबूंना विचारलं.
"बाळंतपणानंतर लागतं ते. बाई खंगत जाते."
म्हणजे आमचा बाळंतरोग.
ताप? रोज संध्याकाळी. खोकला? हो. थुंकीत रक्त? आजीबाईंनी नुसती होकारार्थी मान हलवली. घरात आणखी कोणाला असं? नातीला. ती आईच्या कुशीतच निजायची. तीही गेली.
बाहेर आल्यावर नि. बाबू म्हणाले, "क्षय लिहा. सूतिका नको." लिहिलं. मग ट्रामच्या खांबाशी उभा राहिलो.
"तब्येत बरी नाही का?"
काही नाही म्हटलं.

१३ नोव्हें.
सुमनला जाऊन चार वर्षं. आधी बाळ गेलं, मग ती पावसाळाभर खंगत गेली. सगळे म्हणाले बाळंतरोग. विचारणाऱ्याला मीही तेच सांगत आलो. मी तेव्हा जबलपूरला, अधूनमधून घरी यायचो. संध्याकाळी तिचे गाल लाल दिसायचे. मला वाटायचं, मी आलो म्हणून.
कुमुद तिच्याजवळच निजायची. सोडायचीच नाही.
अक्काला पत्र टाकलं. पोरीच्या छातीचा फोटो काढून घे.

२४ नोव्हें.
अक्काचं उत्तर. "पोरगी टुणटुणीत आहे. त्या रोगाचं नाव या घरात काढू नकोस. उद्या तिला कोण पदरात घेईल? सुमन बाळंतरोगानं गेली, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे." खाली बारीक अक्षरात: "जरा वाळली आहे, पण ती तुझ्या काळजीनं."
कुमुदला इकडेच आणायचं. रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. घरचं काम, म्हटलं. मेसमध्ये मुलीला ठेवता येणार नाही. नि. बाबूंनी त्यांच्याच गल्लीत, भवानीपुरात, एक खोली पाहून दिली.

५ डिसें., नागपूर
अक्का दारातच. "ने. तुझी मुलगी आहे. पण चार वर्षं कुणी सांभाळली?"
"तूच."
"मग माझ्यावर विश्वास नाही?"
"तुझ्यावर आहे, अक्का. आजारावर नाही."
इथं तपासू देईना. इथल्या डॉक्टरकडे नेलं की संध्याकाळपर्यंत गावभर. कलकत्त्याला काय ते कर, म्हणाली. रात्रीच्या गाडीसाठी धपाटे करून दिले. कुमुदच्या वेण्या घालता घालता रडली. कुमुद माझ्याकडे पाहुण्याकडे पाहावं तशी पाहत होती.

१८ डिसें.
फोटो झाला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. उजव्या बाजूला वर एक डाग. जुना, भरून आलेला असेल. नसेलही. आता सांगता येत नाही. मार्चमध्ये पुन्हा फोटो. तोवर दूध, अंडी. दमू द्यायचं नाही.
अंडं म्हटल्यावर कुमुदनं नाक मुरडलं. शेवटी खाल्लं, डोळे मिटून.

२१ डिसें.
नि. बाबूंना खरं ते सांगितलं. त्यांच्या मुली रोज खेळायला यायच्या. आज आल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. शहाणपणाचंच आहे. तरी…
कुमुद खिडकीशी बसून होती. 

२७ डिसें., रविवार
जेवताना कुमुद एकदम, "आई कशानं गेली?"
क्षयानं, म्हटलं.
"बाळामुळे नाही?"
"नाही."
"आत्या म्हणते बाळ झालं म्हणून." मग, "मी बाळावर रागावले होते. खूप."
 तिच्या पानात भात वाढला. तिनं तो सगळा खाल्ला.
दुपारी म्हणाली, बाळाचं नाव काय ठेवणार होतात? आम्ही ठरवलं नव्हतं. तिनंच एक ठेवलं. मला सांगितलं नाही.

३ जाने. १९५४, रविवार
मैदानावर नेलं. लख्ख ऊन. फोर्ट विल्यमच्या बाजूला शेळ्या चरत होत्या. हळू चाल, म्हटलं. थोडा वेळ माझं बोट धरून चालली. "बाबा, ते पांढरं करडू बघा," म्हणाली, आणि बोट सोडून त्याच्यामागे सुटली. इथं आल्यापासून तिला धावताना पाहिलं नव्हतं. हाक मारली. थांबली नाही. उलट हसली. दुसरी हाक मारायला तोंड उघडलं.
मारली नाही.